पाळणाघर आणि अंगणवाडी जोडताना: आधी मुलांची यादी, मग करार

बांधकामाच्या साइटवर, साखर कारखान्याच्या तळावर, वीटभट्टीजवळ किंवा शहरातल्या वस्तीत पाळणाघर चालवणाऱ्या संस्था अंगणवाड्या चालवणाऱ्या बालविकास प्रकल्प कार्यालयात बहुतेक वेळा एकच अर्ज घेऊन जातात: ‘आमच्या पाळणाघरातील मुलांना अंगणवाडीचा आहार मिळावा.’ अर्ज पडून राहतो, नाहीतर ‘सेविकेकडे नोंदणी करावी’ असा शेरा घेऊन परत येतो. संस्थेला वाटतं, सरकार ऐकत नाही. सेविकेला वाटतं, हे लोक माझ्या पटावरची मुलं पळवायला आलेत. यात मूल मात्र दिवसभर पाळणाघरात असूनही लसीकरणाच्या यादीत नसतं आणि वजनाच्या रजिस्टरमध्येही नसतं.

गाडी अडते ती क्रम चुकल्यामुळे. संस्था आधी कराराचा मसुदा करतात, मग अधिकाऱ्यांची भेट घेतात, सेविकेशी सगळ्यात शेवटी बोलतात. मुलांची नीट यादी तर कधी कधी होतच नाही. पुढचे टप्पे या क्रमाच्या बरोबर उलटे लावले आहेत. ते महाराष्ट्रात पाळणाघर चालवणाऱ्या संस्था, महिला मंडळं आणि ज्यांच्यावर पाळणाघराची जबाबदारी आहे असे ठेकेदार किंवा कंपन्या यांच्यासाठी आहेत.

सगळ्या टप्प्यांत एक नियम पाळायचा: मुलाचा सांभाळ दोन ठिकाणी होऊ शकतो, पण प्रत्येक सेवेची मूळ नोंद एकाच ठिकाणी राहते. पूर्वशालेय शिक्षण, पूरक पोषण आहार, लसीकरण आणि वजन-उंची यांची नोंद अंगणवाडीची. दिवसभराची देखभाल, झोप, संध्याकाळचं खाणं आणि पालकांशी रोजचं बोलणं पाळणाघराचं.

टप्पा 1: मुलांची यादी

सेविकेकडे जाण्याआधी यादी हातात हवी. हजेरीपट म्हणजे ही यादी नव्हे. हजेरीपटावर ‘राजू’, ‘छोटी’, ‘गुड्डी’ अशी नावं असतात आणि त्यावरून कोणतीच नोंदणी होत नाही.

प्रत्येक मुलामागे एवढं लिहून घ्या:

- मुलाचं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव, आईचा मोबाइल
- जन्मतारीख आणि ती कशावरून घेतली (जन्मदाखला, लसीकरण कार्ड, की आईच्या सांगण्यावरून)
- आजचं वय महिन्यांत
- माता-बाल संरक्षण कार्ड (लसी आणि वजनाच्या नोंदींचं) आहे का, आणि ते कुठे आहे (बरेचदा ते गावी आजीच्या पेटीत असतं)
- मूळ गाव, तालुका, जिल्हा आणि तिथल्या अंगणवाडीत नाव होतं का
- घरात बोलली जाणारी भाषा
- कुटुंब इथे अंदाजे किती महिने राहणार

वय महिन्यांत लिहायचं कारण असं की अंगणवाडीच्या सेवा वयोगटानुसार बदलतात. 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना घरी नेण्याचा शिधा मिळतो, ज्याला सगळे टीएचआर (टेक होम रेशन) म्हणतात. 3 ते 6 वर्षांच्या मुलांना केंद्रात नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो, शिवाय पूर्वशालेय शिक्षण. बाळ 6 महिन्यांचं होईपर्यंत आईचीच स्तनदा माता म्हणून नोंद होते. ‘अडीच-तीन वर्षांचा’ असं मोघम लिहिलेलं मूल दोन्ही गटांतून निसटतं.

शेवटच्या रकान्यालाही कमी लेखू नका. बीडकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. बांधकामावरची कुटुंबं काम संपलं की आठवड्याभरात दुसऱ्या साइटवर जातात. किती काळ राहणार हे माहीत असेल तर सेविकेलाही कोणत्या मुलाची नोंद आधी करायची ते कळतं.

तपासा: यादी घेऊन एक संध्याकाळ वस्तीत फिरा. पाळणाघरात न येणारी सहा वर्षांखालची मुलंही तिथे दिसतील. त्यांची नावं वेगळ्या पानावर घ्या. सेविकेला हे पान सगळ्यात उपयोगी पडतं, कारण तिचं सर्वेक्षण पूर्ण होतं.

सावधान: अंगणवाडीच्या सेवेसाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही, ती सर्व मुलांना खुली आहे. मुलाचं स्वतःचं आधार कार्ड नसलं तरी आईच्या आधारावर नोंद होते. ‘आधार काढून आणा, मग बघू’ असं सांगून पालकांना परत पाठवू नका. आईचंही आधार नसेल तर नाव बाजूला न टाकता पर्यवेक्षिकेपुढे (सेविकेच्या वरच्या अधिकारी) ठेवायच्या यादीत घ्या.

टप्पा 2: अंगणवाडी कोणती, आणि सेविकेशी पहिलं बोलणं

सगळ्यात जवळची अंगणवाडी हीच तुमची अंगणवाडी असेल असं नाही. प्रत्येक अंगणवाडीला ठरलेलं सर्वेक्षण क्षेत्र असतं. रस्त्याच्या अलीकडची वस्ती एकीकडे, पलीकडची दुसरीकडे, असंही असतं. म्हणून जवळच्या सेविकाताईंना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘ही साइट तुमच्या सर्वेक्षणात येते का?’ येत नसेल तर कोणाकडे येते हे त्यांना किंवा त्यांच्या पर्यवेक्षिकेला माहीत असतं.

साइट कोणाच्याच क्षेत्रात नाही, असंही बरेचदा निघतं. नव्याने उठलेल्या बांधकाम वस्त्या, कारखान्याचे तळ आणि भट्ट्या यांचं हे नेहमीचं दुखणं. अशा वेळी पर्यवेक्षिकेकडे लेखी मागणी करा की ही वस्ती नजीकच्या केंद्राला जोडावी. सहा वर्षांखालची 40 मुलं असतील तर ‘मागणीनुसार अंगणवाडी’ या निकषावर वेगळं केंद्रही मागता येतं, पण त्याच्या मंजुरीला वेळ जातो. तोवर मुलं मोठी होतात. जोडण्याची मागणी आधी करा, नव्या केंद्राची सोबत चालू ठेवा.

आता पहिल्या भेटीबद्दल, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

सेविकेच्या अंगावर आधीच पुष्कळ काम असतं: पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदी, गृहभेटी, वजनं, शिधावाटप, मधूनच येणारी सर्वेक्षणं. अशात बाहेरच्या संस्थेची माणसं बॅनर आणि कॅमेरा घेऊन आली की तिला धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. पट कमी झाला तर जाब तिला विचारला जातो. तुमच्या अहवालात काही उणं लिहिलं तर नोटीसही तिलाच येते.

म्हणून पहिल्या भेटीला दोघीच जा. त्यातली एक रोज मुलं सांभाळणारी कार्यकर्ती असावी. यादी दाखवा आणि चार गोष्टी विचारा: केंद्राची खरी वेळ काय, आज पटावर किती मुलं आहेत आणि जागा किती आहे, आहार कोण शिजवतं आणि किती मुलांचा येतो, आणि लसीकरणाचा दिवस कोणता. तिला कशाची अडचण आहे हेही विचारा. पाण्याची टाकी, मोडलेली कडी, मदतनिसाची रिक्त जागा, काहीही असेल. त्यातलं एखादं काम तुम्हाला सहज करता येण्यासारखं असतं.

सावधान: सेविकेला किंवा मदतनिसाला संस्थेकडून परस्पर मानधन किंवा ‘प्रवासखर्च’ देऊ नका. हेतू चांगला असला तरी चौकशी झाली की अडचणीत ती येते. केंद्रासाठी काही द्यायचं असेल तर प्रकल्प कार्यालयाला कळवून, वस्तूच्या रूपात आणि साठा रजिस्टरला नोंद करून द्या.

टप्पा 3: तीनपैकी कोणती जोडणी

इथे घाई केली की वर्षभर निस्तरावी लागते. व्यवहारात तीन प्रकार दिसतात.

*पहिला: मुलं अंगणवाडीत जातात.* 3 ते 6 वयाची मुलं सकाळी पाळणाघरातून अंगणवाडीत जातात, तिथे शिकतात, जेवतात आणि दुपारी परत येतात. लहान मुलं पाळणाघरातच राहतात. अंतर मोठ्या माणसाच्या पावलांनी पाच-सात मिनिटांचं असेल आणि मध्ये वाहता रस्ता नसेल तर हाच प्रकार सर्वांत चांगला. मुलाला वस्तीबाहेरचे सवंगडी मिळतात, आणि ‘साइटवरची पोरं’ ही ओळख गळून पडते. माझा कल नेहमी याच प्रकाराकडे असतो.

*दुसरा: अंगणवाडी तुमच्या जागेत भरते.* केंद्राला स्वतःची इमारत नसेल, भाड्याची खोली अंधारी असेल आणि तुमच्याकडे हवेशीर जागा असेल तर हे जमतं. पण जागेचा ताबा, किल्ली, वीजबिल, स्वच्छता आणि वस्तीतल्या इतर मुलांना ये-जा करण्याची मोकळीक, या पाचही गोष्टी लेखी ठरायला हव्यात. बांधकाम साइटच्या आत हा प्रकार बहुधा फसतो. फाटकावरचा सुरक्षारक्षक बाहेरच्या मुलांना आत सोडत नाही, आणि अंगणवाडी सर्वांसाठी असल्याने ती अशी कुंपणाआड ठेवता येत नाही.

*तिसरा: अंगणवाडी-कम-पाळणाघर.* केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमधल्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलं जातं. सेविका आणि मदतनीस यांच्याखेरीज पाळणा सेविका आणि पाळणा मदतनीस नेमल्या जातात. योजनेच्या निकषांनुसार एका पाळणाघरात 6 महिने ते 6 वर्षांची 25 मुलं, महिन्यातले 26 दिवस आणि रोज साडेसात तास. खर्च केंद्र आणि राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. तुमच्या भागात असं केंद्र मंजूर झालं असेल तर त्याच्या शेजारी स्वतःचं वेगळं पाळणाघर उघडण्यात अर्थ नाही. पाळणा सेविकांचं प्रशिक्षण, खेळणी, आणि आया उशिरा येतात त्या संध्याकाळच्या वेळेचा सांभाळ, इथे तुमचं काम आहे.

राज्यात अंगणवाडी दत्तक धोरणही आहे. पण दत्तक घेणं म्हणजे एका केंद्राला सुविधा, साहित्य, प्रशिक्षण असा हातभार लावणं. पाळणाघरातली मुलं त्या केंद्राच्या पटावर आणणं हा वेगळा विषय आहे. अर्जात दोन्ही एकत्र केले की कागद भलत्याच टेबलावर जातो.

कंपन्यांसाठी एक गोष्ट: ज्या आस्थापनांना कायद्याने पाळणाघर देणं बंधनकारक आहे, त्यांना सामाजिक सुरक्षा संहिता सरकारी, नगरपालिकेचं किंवा संस्थेचं सामाईक पाळणाघर वापरण्याची मुभा देते. मात्र ‘शेजारी अंगणवाडी आहे, आम्हाला पाळणाघराची गरज नाही’ असं म्हणता येत नाही. अंगणवाडी सकाळचे काही तास भरते. आई पाळीवर आठ तास असते, आणि तान्ह्या बाळाला सांभाळण्याची व्यवस्था साध्या अंगणवाडीत नसते.

तपासा: निवडलेला रस्ता खुद्द मुलांच्या वेळेला, मुलांच्या पावलांनी चालून पाहा. ट्रक कधी येतात, कुत्री कुठे असतात, पावसात पाणी कुठे साचतं. तीन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांहून जास्त लागत असतील तर पहिला प्रकार सोडून द्या, किंवा वाहनाची सोय असेल तरच हाती घ्या.

टप्पा 4: अर्ज, पोच आणि करार

आता कागद. साखळी अशी: सेविका, तिच्यावर बीटची (काही अंगणवाड्यांच्या गटाची) पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. ग्रामीण भागात त्यांच्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, आणि राज्यपातळीवर एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालय. मुलांची नोंदणी आणि ने-आण एवढाच विषय असेल तर तो प्रकल्प पातळीवर सुटतो. थेट आयुक्तालयाला पत्र पाठवलं तर ते ‘उचित कार्यवाहीस्तव’ खाली तुमच्याच प्रकल्पात येतं. वेळ जातोच, आणि सेविकेला वाटतं की तुम्ही तिची तक्रार केली.

अर्ज एका पानाचा असावा. नमुना:

*प्रति, मा. बालविकास प्रकल्प अधिकारी. विषय: पाळणाघरातील मुलांची अंगणवाडी केंद्रात नोंदणी व सेवा मिळणेबाबत. आमच्या संस्थेमार्फत वरील पत्त्यावर पाळणाघर चालते. त्यात 6 महिने ते 3 वर्षे वयाची … आणि 3 ते 6 वर्षे वयाची … मुले येतात. यापैकी … मुलांची कोणत्याही अंगणवाडीत सध्या नोंद नाही. सोबत नावनिहाय यादी व पालकांची संमतीपत्रे जोडली आहेत. संबंधित सेविका व पर्यवेक्षिका यांच्याशी दि. … रोजी चर्चा झाली आहे. या मुलांची सदर केंद्रात नोंद होऊन पूर्वशालेय शिक्षण, पूरक पोषण आहार, आरोग्य तपासणी व लसीकरणाचा लाभ मिळावा. मुलांना केंद्रात पोहोचवणे व परत आणणे ही जबाबदारी संस्थेची राहील.*

शेवटचं वाक्य विसरू नका. ने-आण कोण करणार हा प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न असतो. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याखेरीज कार्यालय सोडू नका.

मुलं अंगणवाडीत जाणार असतील तर मोठ्या कराराची गरज नसते, प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र पुरतं. जागा सामाईक असेल तर मात्र लेखी करार हवा, आणि त्यात या गोष्टी साध्या भाषेत असाव्यात:

1. कोणत्या वेळेत मुलांची जबाबदारी कोणाकडे.
2. अपघात किंवा आजारपण झालं तर पहिला फोन कोणाला, दवाखान्यात कोण नेणार.
3. केंद्र बंद असेल तर काय. सुट्ट्या, सेविकेचं प्रशिक्षण, निवडणुकीचं काम आणि संप, सगळं धरून. डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024 राज्यभर सेविकांचा संप होता. अंगणवाडीच्या आहारावरच विसंबणाऱ्या पाळणाघराला असा महिना-दीड महिना अचानक पेलावा लागतो.
4. फोटो कोण काढणार, कुठे वापरणार. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे चेहरे संस्थेच्या जाहिरातीत जाऊ नयेत.
5. मुदत, आणि कराराबाहेर पडायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं.

सावधान: पाळणाघरातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी करारावर सही होण्याआधीच झालेली असावी, मुलांना ने-आण करणाऱ्यांचीही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी अंगणवाडीशी बोलून घेऊ’ म्हणून थांबायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइन 1098 हा क्रमांक दोन्ही ठिकाणी भिंतीवर ठळक लिहा.

टप्पा 5: नोंदणी

नोंद पोषण ट्रॅकरवर सेविका करते. ती करताना आईचं आधार आणि मोबाइल क्रमांक लागतो, ओटीपी येतो. आई दिवसभर कामावर, फोन नवऱ्याकडे, आणि सेविकेची वेळ सकाळची. इथेच नोंदण्या अडकतात.

उपाय साधा आहे. साइटच्या सुट्टीच्या दिवशी, बहुतेक ठिकाणी तो आठवडी बाजाराचा दिवस असतो, सेविकेला पाळणाघरात बोलवा आणि आयांना फोन आणि आधारसह यायला सांगा. एका बैठकीत पुष्कळ नोंदी होतात. सुट्टीच्या दिवशी बोलावताय, तेव्हा आधी तिची सोय विचारा आणि पर्यवेक्षिकेलाही कळवा.

मुलाचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आधीच असेल तर नवी नोंद करू नये. ट्रॅकरवर स्थलांतराची सोय आहे, जुनी नोंद इथे हलवता येते. दोन नोंदी झाल्या की आधार जुळत नाही, शिधा थांबतो आणि गावाकडची सेविका फोन करून विचारते की मूल कुठे गेलं.

नोंदीचा आणखी एक फायदा पालकांना जरूर सांगा. जन्मदाखला नसला तरी पहिलीच्या प्रवेशावेळी अंगणवाडीची नोंद वयाचा पुरावा म्हणून चालते. फिरत्या कुटुंबांना हे पटकन पटतं.

तपासा: नोंद झाल्यावर यादीत ‘झाली’ असं लिहून थांबू नका. पुढच्या आठवड्यात सेविकेबरोबर बसून नाव, वय आणि आईचं नाव ट्रॅकरवर कसं लिहिलं गेलंय ते जुळवा. जन्मवर्ष चुकलं तर मूल भलत्या वयोगटात जातं.

टप्पा 6: दिवसाची घडी आणि मुलांचा ताबा

एका कागदावर दोन्हीकडची वेळ मांडा. समजा अंगणवाडी 10 ते 2 भरते. (तुमच्याकडची वेळ वेगळी असू शकते, ऋतूनुसारही बदलते.)

- 8:00 पाळणाघर उघडतं, आया मुलं सोडतात, थोडं खाणं
- 9:30 शी-शू, हातपाय धुणं, चपला, हजेरी
- 9:45 मोठी मुलं निघतात
- 10:00 अंगणवाडीच्या दारात ताबा
- 2:00 परत ताबा
- 2:20 पाणी, तोंड धुणं, झोप
- 4:00 उठणं, खाणं, मोकळा खेळ
- 6:00 नंतर आया येईपर्यंत सांभाळ

ताबा देणं-घेणं या दोन वेळा सर्वांत धोक्याच्या. एक वही ठेवा. सकाळी मुलांची संख्या आणि आज न आलेल्यांची नावं लिहा, सेविकेची किंवा मदतनिसाची सही घ्या. दुपारी पुन्हा मोजा, आणि या वेळी सही तुमच्या कार्यकर्तीची. नुसती संख्या पुरत नाही. बारा नेली आणि बारा आणली, पण त्यातलं एक मूल मामाबरोबर परस्पर गेलं आणि वस्तीतलं दुसरंच एक ओळीत शिरलं, असं होऊ शकतं. नावं वाचूनच मोजा.

चालताना एक मोठी व्यक्ती पुढे, एक मागे, आणि मुलं दहाहून जास्त असतील तर तिसरी मध्ये. ही माणसं मोजूनच पाळणाघरातल्या नेमणुका ठरवा. नेहमीची चूक अशी की दोघी मोठ्या मुलांबरोबर जातात आणि मागे आठ तान्ह्या बाळांपाशी एकच बाई उरते. अर्धा तासही असं चालवू नये. माणूस कमी असेल त्या दिवशी मोठी मुलं पाळणाघरातच राहतील, असा नियम आधीच ठरवून सेविकेला सांगून ठेवा.

टप्पा 7: आहार

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच.

टीएचआर हा आईच्या हाती द्यायचा शिधा आहे. पाळणाघराने सगळ्यांची पाकिटं एकत्र उचलून स्वयंपाकघरात वापरणं चूक आहे, आणि आता ते शक्यही नाही, कारण वाटपावेळी लाभार्थ्याची ओळख चेहऱ्यावरून पटवली जाते. तुम्ही करू शकता ते एवढंच: वाटपाचा दिवस आधी कळवून घ्या, मुकादमाशी बोलून आयांना तासाभराची सवड मिळवून द्या, आणि पाकीट कसं शिजवायचं ते पाळणाघरात करून दाखवा. बरीच पाकिटं घरी पडून राहतात, कारण ती कशी शिजवायची ते आईला कोणी दाखवलेलं नसतं.

म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलांचं दुपारचं जेवण ही पूर्णपणे पाळणाघराची जबाबदारी आहे. अंदाजपत्रकात ते ‘अंगणवाडीकडून’ असं दाखवून मोकळं होऊ नका.

मोठ्या मुलांचा गरम आहार केंद्रातच खायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी महिला बचत गट शिजवतो आणि पटानुसार त्याचं प्रमाण ठरतं. तुमची पंधरा मुलं अचानक वाढली तर पहिले काही दिवस तेवढ्याच पातेल्यात सगळ्यांना वाढलं जातं आणि वस्तीतल्या मुलांच्या वाट्याचं कमी होतं. त्यावरून पालकांत भांडणं होतात. म्हणून नव्या पटाचा आहार सुरू झाल्याची खात्री करूनच मुलं न्या. वर्षातले 300 दिवस आहार मिळणं अपेक्षित आहे, उरलेल्या दिवसांचं जेवण तुमच्याकडे.

दुपारी परत आलेल्या मुलाला लगेच पुन्हा ताट वाढू नका, आणि ‘जेवून आलंय’ म्हणून संध्याकाळपर्यंत उपाशीही ठेवू नका. दोनला काय आणि किती खाल्लं हे ताबा घेतानाच विचारा, चारला शेंगदाणे-गूळ, उसळ, अंडं, केळं असं काहीतरी द्या. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. तिथे त्याच दिवशी पाळणाघरात तेच न देता दुसरं काही ठेवा.

सावधान: देणगीदाराच्या अहवालात अंगणवाडीत खाल्लेली जेवणं स्वतःच्या नावावर मोजू नका. एकच ताट दोन हिशोबांत दिसलं की तपासणीत दोघांवरचा विश्वास जातो.

टप्पा 8: वजन, लसी, औषधं

वजन आणि उंचीची मूळ नोंद अंगणवाडीची. पाळणाघरात दुसरा काटा ठेवून वेगळे आकडे काढत बसलात तर कोणता खरा यावरच चर्चा होत राहते. त्याऐवजी महिन्याच्या वजनाच्या दिवशी सगळी मुलं, तान्ही बाळंसुद्धा, केंद्रात न्या आणि मदतीला उभे राहा. काट्यावर चपला आणि जाड कपडे काढलेले असावेत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यापुढे उंची उभं करून. आकडे तिथेच तुमच्या वहीत उतरवून घ्या.

मधल्या काळात लक्ष ठेवण्यासाठी दंडघेराची पट्टी पाळणाघरात असू द्या. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. 11.5 ते 12.5 च्या आत असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम. पट्टी लाल दाखवत असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर महिन्याच्या वजनाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी सेविका आणि एएनएमला (आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेला) कळवा.

आता ज्या चुकीने खरोखर इजा होऊ शकते ती सांगतो. जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमांत दिली जाते. जीवनसत्त्व ‘अ’चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, पहिल्यानंतर दर सहा महिन्यांनी. पाळणाघराचे डॉक्टरही तेच देतात, अंगणवाडीतही तेच मिळतं. नोंदी जुळवल्या नाहीत तर मुलाला डोस दोनदा जातो. जीवनसत्त्व ‘अ’ शरीरात साठतं, जास्त झालं तर त्रास होतो. म्हणून ठरवून टाका: ही दोन्ही फक्त अंगणवाडी किंवा आरोग्य विभागाच्या मोहिमेतच, कार्डावर नोंद करून. पाळणाघराच्या शिबिरात नाहीत. ज्या मुलाचं कार्ड हरवलंय त्याचं नवं कार्ड आधी काढून घ्या, आणि आई काय सांगते ते एएनएमच्या कानावर घाला.

लसीकरण सत्राची तारीख आशाताईंकडून महिन्याच्या सुरुवातीला घेऊन भिंतीवर लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हृदयाचे दोष, कानाचे आणि डोळ्यांचे विकार, बोलण्यातला उशीर हे तिथे सापडतं आणि पुढच्या उपचारांची वाट मिळते. त्या दिवशी तुमची सगळी मुलं केंद्रात असायलाच हवीत.

टप्पा 9: शिकवणं

सकाळी अंगणवाडीत ‘आकार’ या राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे किंवा ‘आधारशिला’ या राष्ट्रीय अभ्यासक्रमाप्रमाणे उपक्रम होतात. दुपारी पाळणाघराने तेच पुन्हा घेऊ नये. पाटीवर अआइई गिरवून घेणं तर नकोच. चार तास बसून आलेल्या मुलाला झोप, माती-पाण्याचा खेळ, गोष्ट आणि कोणाची तरी मांडी हवी असते. आठवड्याचा विषय काय आहे एवढं सेविकेला विचारा. विषय ‘भाज्या’ असेल तर संध्याकाळी मुलांबरोबर शेंगा सोला, तेवढं पुरतं.

भाषेचं मात्र मनावर घ्या. गोरमाटी, भोजपुरी, ओडिया किंवा छत्तीसगढी बोलणारं मूल अंगणवाडीत पहिला महिना गप्प बसतं आणि त्याला मंद समजलं जातं. तुमच्या कार्यकर्तीने मुलाच्या भाषेतले वीस शब्द कागदावर लिहून सेविकेला द्यावेत: पाणी, शू, दुखतंय, भूक, आई कुठे आहे, ये, बस, छान. पहिला आठवडा ती स्वतः अर्धा तास वर्गात बसली तर आणखी बरं.

टप्पा 10: महिन्याचा मेळ, आणि मूल निघताना

महिन्याच्या शेवटी तुमची कार्यकर्ती आणि सेविका यांनी अर्धा तास दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून बसावं. पाहायचं एवढंच: तुमच्या यादीत आहे पण पटावर नाही असं कोणतं मूल, पटावर आहे पण महिनाभर आलं नाही असं कोणतं, कोणाचं वजन वाढलं नाही, कोणाची लस राहिली, आणि येत्या महिन्यात कोण 3 वर्षांचं किंवा 6 वर्षांचं होतंय. तीन पूर्ण झालेल्या मुलाचा टीएचआर थांबतो. त्याच आठवड्यात ते गरम आहाराला जायला लागलं नाही तर मधल्या मध्ये उपाशी राहतं. पर्यवेक्षिका त्या दिवशी येऊ शकली तर उत्तमच.

कुटुंब निघण्याची कुणकुण लागली की त्याच दिवशी तीन कामं करा. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हातात द्या, संस्थेच्या कपाटात ठेवू नका. सेविकेला सांगून पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करून घ्या. आणि एका चिठ्ठीवर मुलाचं शेवटचं वजन-उंची, पुढच्या लसीची तारीख आणि इथल्या केंद्राचं नाव लिहून ती कार्डातच ठेवा. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर अंगणवाडी शोधून ते कार्ड दाखवायचं, हे आईला तोंडीही सांगा. फोन चालू असेल तर पंधरा दिवसांनी विचारा की नाव लागलं का.